उंदराचं पंपिंग

पुण्यात हडपसरमधल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या दारात सकाळी दहाच्या सुमाराला थोडा वेळ उभं राहिलं, की एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "पंपिंग किती आलं?" हातात इकोच्या रिपोर्टचा लांबट लिफाफा, शेजारी बाकावर टेकलेले वडील, आणि मुलगा फोनवर गावाकडे सांगत असतो, "दादांचं पंपिंग पस्तीस आहे म्हणाले डॉक्टर." इजेक्शन फ्रॅक्शन हा शब्द घरात कुणी उच्चारत नाही, पण पंपिंग हा शब्द आता फुरसुंगीपासून लोणी काळभोरपर्यंत प्रत्येक घराला माहीत झाला आहे. डावी जवनिका, म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा, रक्ताने पूर्ण भरला असताना त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं शंभरात किती रक्त एका ठोक्याला बाहेर फेकलं जातं, तो हा आकडा. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० च्या मध्ये असतो. साठ आलं की कित्येक जण घाबरतात, चाळीस टक्के हृदय गेलं असं समजून. त्यांना समजावून सांगावं लागतं की शंभर कुणाचंच नसतं. कप्पा पूर्ण रिकामा करणारं हृदय निसर्गाने घडवलेलंच नाही.

ही पुस्तिका त्याच आकड्याविषयी आहे. फरक एवढाच, की तो काढायचा आहे पंचवीस ग्रॅम वजनाच्या उंदरात.

सुरुवातीलाच शब्दाचा एक घोळ मिटवतो. मराठीत माऊस आणि रॅट या दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, आणि प्रयोगशाळेत त्यामुळे डोसच्या हिशेबात गोंधळ होऊ शकतो. प्रौढ रॅट प्रौढ माऊसच्या दहापट तरी जड असतो. या पानांमध्ये उंदीर म्हणजे फक्त माऊस. मोठ्या भावंडाला मी रॅटच म्हटलं आहे.

पुस्तिका मराठीत का, असं मला विचारलं गेलं. पुण्यात जिथे जिथे प्रयोगासाठी उंदीर पाळले जातात, तिथे सकाळी पिंजऱ्याचं झाकण उघडणारा, भुसा बदलणारा, पाण्याच्या बाटलीची नळी तपासणारा हात बहुतेक वेळा मराठी बोलणाऱ्या माणसाचा असतो. भिंतीवरच्या सूचना मात्र इंग्रजीत. कुठली मादी आज अंग फुगवून कोपऱ्यात बसली आहे, कुठल्या पिंजऱ्यात रात्री भांडण झालं, हे ज्याला सगळ्यांत आधी कळतं, त्याच्यासाठी आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या एम. फार्म.च्या विद्यार्थ्यासाठी हे लिहिलं आहे. हृदयाच्या मोजमापात त्या पहिल्या माणसाचा वाटा किती मोठा आहे, हे पुढे येईलच.

हडपसरला उंदीर आणि औषध यांचं नातं नवं नाही. १९६६ साली इथे सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, ती घोड्यांच्या पैदाशीच्या व्यवसायातून. पूनावाला कुटुंबाच्या फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला रक्तद्रव काढण्यासाठी दिले जात. तो रक्तद्रव आपणच का बनवू नये, या विचारातून धनुर्वाताच्या प्रतिविषापासून कामाला सुरुवात झाली. घोडा औषध देतो, हे सर्वांना दिसलं. पण जगात कुठेही लस किंवा प्रतिविष बाजारात जायचं तर ते चालतं की नाही हे आधी कुणाला तरी विचारावं लागतं, आणि गेलं शतकभर तो प्रश्न बहुतांशी उंदराला विचारला गेला. त्रिगुणी लशीतल्या डांग्या खोकल्याच्या घटकाची केन्ड्रिक चाचणी घ्या. उंदरांना लस टोचायची, दोन-अडीच आठवडे थांबायचं, मग थेट मेंदूत जिवाणू सोडायचे आणि पुढच्या दोन आठवड्यांत किती जगले ते मोजायचं. सर्पदंशाच्या प्रतिविषाच्या कुपीवर लिहिलेलं असतं, की एक मिलिलिटर औषध नागाचं ०.६ मिलिग्रॅम, घोणसाचं ०.६, मण्याराचं ०.४५ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतं. ते चारही आकडे उंदरांच्या जगण्या-मरण्यातून आलेले आहेत.

या सगळ्या चाचण्यांत उंदराने द्यायचं उत्तर एकाच शब्दाचं असतं. जगला, किंवा मेला. तो कसा जगला, मरताना त्याच्या हृदयात काय बिघडत गेलं, हे कुणी विचारत नाही, कारण त्या चाचणीला ते नको असतं. हृदयाचं कार्य मोजायला बसलेला माणूस नेमका तिथून पुढे सुरू करतो. त्याला तोच उंदीर आज, पुढच्या आठवड्यात आणि त्याच्या पुढच्या महिन्यात जिवंत हवा असतो. उंदीर मोजदादीतला एक न राहता त्याचा रुग्ण होतो.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते महाराष्ट्राला विंचवाने शिकवलं. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश म्हणजे पोराच्या जिवाशी गाठ, हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. पण मरण कशाने येतं? डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दंश झालेल्यांच्या उशाशी रात्र-रात्र बसून ते पाहिलं. वांती, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, आणि मग फुप्फुसात पाणी. विष मज्जातंतूंतले सोडियमचे दरवाजे उघडे ठेवतं, शरीरात ॲड्रेनलिनच्या जातीच्या रसायनांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि त्या दाबाविरुद्ध झगडून हृदयाचा पंप थकतो. १९८२ साली त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये आली. मग रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने ते उपचार करू लागले आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात तीस-चाळीसवरून एक-दोनवर आलं. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. फक्त 'वाचला की गेला' एवढंच मोजलं असतं, तर प्राझोसिन सुचलंच नसतं. नाडी, दाब, तळहाताचा गारवा हे तासातासाला लिहिलं, म्हणून सुचलं.

आता उंदराच्या हृदयाकडे येऊ. पाच रुपयांची चार नाणी तळहातावर ठेवली की जेवढा भार जाणवतो, तेवढा प्रौढ उंदीर. त्याचं हृदय साधारण एक दशांश ग्रॅमचं, तुरीच्या दाण्याहून थोडं मोठं. मिनिटाला ५०० ते ७०० ठोके. सहाशे धरले तर एक ठोका सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतो. तेवढ्यात माणसाची पापणीही धड मिटत नाही. अंगात एकूण रक्त पावणेदोन मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. हृदय मिनिटाला पंधरा-सोळा मिलिलिटर रक्त ढकलतं, तेव्हा अंगातलं सगळं रक्त सहा-सात सेकंदांत एक फेरी पुरी करतं. आपल्या अंगात त्यालाच मिनिटभर लागतं. दोन वर्षांच्या आयुष्यात ते हृदय साठ कोटींहून जास्त वेळा आकुंचन पावतं. हे सगळं तुरीच्या दाण्याएवढ्या स्नायूत चाललेलं असतं, आणि इतकी वर्षं पाहूनही पडद्यावर ते उमटलं की मी क्षणभर थांबतो.

ते पडद्यावर उमटतं कसं, याची गोष्ट जहाजबांधणीच्या गोदीतून सुरू होते. स्वीडनमधल्या लुंडचे डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुथ हर्ट्झ यांनी १९५३ साली धातूतल्या भेगा शोधण्याचं ध्वनिलहरींचं यंत्र माल्मोच्या गोदीतून आणलं आणि माणसाच्या छातीवर टेकवलं. हृदयाची भिंत हलताना दिसली. इको तो तिथून. माणसासाठी २ ते ५ मेगाहर्ट्झच्या लहरी पुरतात. उंदरासाठी तीस-चाळीस मेगाहर्ट्झ लागतात. लहरी जितक्या बारीक तितकं चित्र बारीक, पण तितक्याच त्या कमी खोल जातात. उंदराचं हृदय कातडीखाली काही मिलिमीटरवरच असल्याने हा सौदा परवडतो. गतीचाही प्रश्न आहे. सेकंदाला पंचवीस चित्रं घेणाऱ्या साध्या कॅमेऱ्याला एका ठोक्याची जेमतेम अडीच चित्रं मिळतील, म्हणून इथे सेकंदाला शेकडो चित्रं घ्यावी लागतात.

प्रत्यक्ष टेबलावर काय होतं ते जवळून पाहा. उंदराला आयसोफ्ल्युरेनची भूल देऊन कोमट पाटावर उताणं निजवतात. नाकाला भुलीची टोपी. डोळ्यांना मलम, कारण भुलीत पापण्या मिटत नाहीत आणि बुबुळ कोरडं पडतं. चारही पंजे पाटावरच्या धातूच्या पट्ट्यांवर चिकटवले की ईसीजी सुरू. गुदद्वारात गुळगुळीत, तेल लावलेली तापमानाची बारीक सळई. छातीवरचे केस क्रीमने काढलेले, कारण केसांत अडकलेली हवा लहरींना अडवते. मग कोमट केलेली जेल. हे 'कोमट' मी मुद्दाम लिहितो आहे. बाटलीतून काढलेली गार जेल पंचवीस ग्रॅमच्या जिवाच्या छातीवर ओतली, तर दोन मिनिटांत त्याचं तापमान उतरतं.

पडद्यावर डाव्या जवनिकेची रुंदी मोजतात. भरलेली असताना समजा ३.८ मिलिमीटर, आकसलेली असताना २.५. सगळ्यांत सोप्या घनाच्या सूत्राने पंपिंग आलं साधारण ७२ टक्के. आता मोजणाऱ्याने आकसलेल्या कप्प्याची कड थोडी बाहेर धरली, २.५ च्या जागी २.७ लिहिले. पंपिंग आलं ६४. ही चूक अवघी ०.२ मिलिमीटरची, दोन-तीन केसांच्या जाडीएवढी, आणि तिने सात-आठ टक्के पंपिंग खाल्लं. कित्येक औषधांचा अख्खा परिणाम आठ टक्क्यांहून कमी असतो. म्हणून मोजणाऱ्याला कुठल्या उंदराला औषध मिळालं आणि कुठल्याला नुसतं पाणी, हे माहीत असता कामा नये. प्रामाणिक माणसाची रेघसुद्धा त्याला हव्या असलेल्या उत्तराकडे केसभर सरकते.

केसभर चुकलेली रेघ निदान चित्रात पुन्हा तपासता येते. दुसऱ्या प्रकारची चूक चित्रात दिसतच नाही, आणि ती माझ्या हातून झाली आहे. एका प्रयोगशाळेत, एका गुरुवारी, दुपारी वीज गेली. इकोचं यंत्र बॅटरीवर होतं, त्याला धक्काही लागला नाही. कोमट पाट मात्र साध्या प्लगवर होता. मी पडद्याकडे पाहत होतो, पाटाकडे नाही. उंदराचे ठोके साडेचारशेवरून तीनशेच्या खाली आले, पंपिंग घसरलं, आणि मी वहीत लिहिलं की औषधाने हृदय मंदावतं. पुढचे दोन उंदीरही तसेच मोजले. संध्याकाळी प्राणिगृहात काम करणाऱ्या मावशींनी उंदीर परत घेताना एकाला तळहातावर धरलं आणि म्हणाल्या, "सर, हे गार लागतंय." तापमान मोजलं तर ३३ अंश. औषध निर्दोष होतं. मी गारठलेल्या उंदराचं हृदय मोजलं होतं. त्या दिवसाची पानं मी फाडली नाहीत. त्यांच्यावर आडवी रेघ मारून कारण लिहिलं, आणि ते तीन उंदीर माझ्या निष्काळजीपणाने वाया गेले हेही लिहिलं.

मावशींच्या तळहाताला जे कळलं, तेच या पुस्तिकेचं मुख्य सांगणं आहे. उंदराच्या हृदयाचा आकडा एकट्या हृदयाचा कधीच नसतो. त्यात खोलीचा गारवा असतो, भुलीची मात्रा असते, आणि पिंजऱ्यातून त्याला कुणी, कसं उचललं हेही असतं. भुलीसाठी केटामीनबरोबर झायलाझिन दिलं तर ठोके निम्म्यावर येऊ शकतात, आणि तो उंदीर जणू आजारी असल्यासारखा दिसतो. आयसोफ्ल्युरेन एक-दीड टक्क्यावर ठेवलं तर ठोके चारशेच्या वर राहतात, अडीचवर नेलं तर तेच हृदय दुबळं दिसतं. खोलीची गोष्ट तर आणखी खोल जाते. आपल्याला बरं वाटणारं २२ अंश तापमान उंदराला थंडीचं असतं. त्याच्या अंगाला निवांत वाटतं ते तीसच्या आसपास. बावीसला तो ऊब टिकवण्यासाठी हृदय पळवतो, आणि खोली तीसवर नेली की त्याचे ठोके मिनिटाला शंभराहून जास्त उतरतात. आपण ज्याला 'नॉर्मल' म्हणून पुस्तकात छापतो, ते बऱ्याच अंशी कुडकुडणाऱ्या उंदराचं नॉर्मल आहे.

उचलण्याचंही तसंच. शेपटीला धरून उचलणं ही आपल्याकडची सर्रास रीत. २०१० साली लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवून दिलं, की शेपटीऐवजी नळीत शिरू देऊन किंवा ओंजळीत घेऊन उचललेले उंदीर माणसाला कमी घाबरतात. नळीला खर्च काहीच नाही. पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची एक नळी पिंजऱ्यातच ठेवायची, उंदीर तिच्यात आपसूक शिरतो. घाबरलेल्या उंदराचे ठोके सातशेपार जातात आणि ते खाली यायला वेळ लागतो, तेव्हा दयेचं आणि अचूकपणाचं काम इथे एकाच हाताने होतं. मोजणीआधी तीन-चार दिवस रोज थोडा वेळ हातात घेऊन सवय लावावी, असा आग्रह मी धरतो. तो वेळ प्राणिगृहातल्या माणसांच्या ड्युटीत धरायला हवा. फावल्या वेळात करा म्हणून तो त्यांच्यावर ढकलू नये.

उंदीर कुठे उपयोगी पडत नाही हेही स्पष्ट सांगायला हवं. त्याच्या हृदयातली वीज माणसाच्या मानाने फार झटकन ओसरते. ईसीजीत आपल्याकडे दिसतो तसा वेगळा, निवांत टी-तरंग त्याच्यात दिसत नाही. काही औषधं माणसाच्या हृदयातली पोटॅशियमची वाट अडवून जीवघेणे अनियमित ठोके सुरू करतात, तो धोका उंदीर दाखवत नाही, कारण त्याचं हृदय त्या वाटेवर फारसं अवलंबून नाही. आकुंचन घडवणारं मायोसिनही त्याच्यात बहुतांशी जलद जातीचं, आपल्यात संथ जातीचं. तेव्हा उंदरात निर्धोक ठरलं म्हणून माणसात निर्धोक, असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवावं.

मग त्याला विचारायचं काय? पंपाच्या रचनेचे आणि जनुकांचे प्रश्न. एक उदाहरण आपल्या घरातलंच आहे. २००९ साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीसह अनेक संस्थांतल्या संशोधकांनी दाखवलं, की हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन घडवणाऱ्या एमवायबीपीसी-३ या जनुकात पंचवीस अक्षरांची गळती झालेली माणसं दक्षिण आशियात शंभरात सुमारे चार आहेत. त्यांना हृदयविकलतेचा धोका कितीतरी जास्त, आणि तो बहुधा मध्यम वयानंतर उघड होतो. ज्या उंदरांत या जनुकाच्या दोन्ही प्रती काढून टाकल्या, त्यांचं हृदय वाढतं आणि आकुंचन कमी पडतं. तरुणपणी ठीक वाटणारं हृदय पुढे का हरतं, हे माणसात पाहायला चाळीस वर्षं लागतील. उंदरात ते दीड वर्षात पाहता येतं, पण दर महिन्याला त्याच उंदराचं पंपिंग त्याच काळजीने मोजलं तरच. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या त्या दादांच्या पस्तीस टक्क्यांचं कारण अशा एखाद्या वहीत सापडण्याची शक्यता आहे, आणि त्यासाठीच मला हे काम मोलाचं वाटतं.

सगळ्या पद्धती इकोसारख्या सौम्य नाहीत. जवनिकेतला दाब आणि आकारमान एकाच वेळी मोजायचं, तर मिलिमीटरच्याही आतली जाडी असलेली नळी गळ्यातल्या रक्तवाहिनीतून हृदयात सरकवावी लागते. मोजमाप म्हणून ते फार समृद्ध असतं, पण तो उंदीर भुलीतून पुन्हा उठवला जात नाही. ऑस्कर लांगेनडॉर्फ यांनी १८९५ साली रूढ केलेल्या पद्धतीत हृदय बाहेर काढून त्याला क्षारयुक्त द्रवावर धडधडत ठेवतात. या गोष्टी प्रकरणाच्या तळटीपेत दडवू नयेत असं माझं मत आहे, म्हणून त्या इथे लिहिल्या. आपल्याकडे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे आणि प्रयोगांविषयीचे नियम १९९८ चे. संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी नसेल तर एकाही उंदराला हात लावता येत नाही. समितीत संस्थेबाहेरचेही सदस्य असतात. त्यांनी 'इतके उंदीर कशाला?' असं विचारलं की विद्यार्थी वैतागतात. त्या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याचा प्रयोग अजून तयार झालेला नाही. २०२३ च्या मार्चमध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांनाही जागा मिळाली आहे. बशीत धडधडणाऱ्या हृदयपेशी काही प्रश्नांना उंदरापेक्षा चांगलं उत्तर देतील, आणि तिथे उंदीर वापरूच नये.

या पुस्तिकेच्या शेवटी नोंदवहीचं एक कोरं पान छापलं आहे. झेरॉक्स काढून वापरा. पहिला रकाना उंदराच्या तापमानाचा आहे, दुसरा खोलीच्या तापमानाचा, तिसरा भुलीच्या टक्केवारीचा, चौथा ठोक्यांचा. पाचव्यात पिंजऱ्यातून कुणी उचललं त्याचं नाव लिहायचं आहे, आणि ते प्राणिगृहातल्या माणसाचं असेल तर त्याचंच लिहायचं, साहेबांचं नाही. भुलीतून उठून उंदीर स्वतःच्या पायांवर चालू लागला ती वेळ सहाव्यात. पंपिंगचा रकाना सातवा आहे, आणि आधीचे सहा भरल्याशिवाय तो भरू नका.